विश्लेषण : खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीचा फिल्टर बदलताना मासे का मरतात? ‘सम्प’ आणि ‘स्किमर’ बसवावा कसा?

घरातल्या समुद्री मत्स्यटाकीत एकापाठोपाठ एक मासे मरू लागले की पहिला संशय रोगावर जातो, दुसरा मासे विकणाऱ्या दुकानदारावर. फिल्टरची आठवण शेवटी होते. मग घाईघाईने मोठा, महागडा फिल्टर आणला जातो, जुना त्याच संध्याकाळी काढून टाकला जातो आणि उरलेसुरले मासेही आठवडाभरात जातात. यंत्र चांगले असते, ते बसवण्याचा क्रम चुकलेला असतो.

मुंबईत कुर्ल्याच्या किंवा क्रॉफर्ड मार्केट परिसरातल्या दुकानांत आज क्लाउनफिशपासून टँगपर्यंतचे मासे, कृत्रिम समुद्री मीठ, स्किमर, चिलर असे सगळे मिळते. मिळत नाही ती हे सगळे एकमेकांना कसे जोडायचे याची माहिती. चार फुटी टाकीच्या पोटात दोनशेहून अधिक लिटर खारे पाणी असते. पाइप चुकीच्या उंचीवर बसला तर त्यातले पन्नास लिटर रात्रीतून दिवाणखान्यात आणि तिथून खालच्या मजल्याच्या छताला पोहोचू शकते.

गोड्या पाण्याचा फिल्टर इथे का पुरत नाही?

बहुतेक हौशी मंडळींचा प्रवास गोल्डफिश, गप्पी, एंजल असा होत खाऱ्या पाण्याकडे येतो. जुनी टाकी असते, कपाटात ठेवायचा कॅनिस्टर फिल्टर असतो. त्यातच मीठ घालून सुरुवात होते. काही महिने बरे चालते, मग काचेवर तपकिरी थर, खडकांवर लांब हिरवे-काळे शेवाळ आणि कोपऱ्यात धापा टाकणारे मासे दिसू लागतात.

याची दोन कारणे रसायनशास्त्रात आहेत. पहिले प्राणवायूचे. २७ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये साधारण आठ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. समुद्राच्या पाण्यात तो साडेसहा मिलिग्रॅमच्या आसपासच राहतो. म्हणजे सुरुवातच तुटीने होते.

दुसरे कारण अमोनियाचे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. पाण्यात तो दोन रूपांत असतो: एक तुलनेने निरुपद्रवी अमोनियम आणि दुसरा विषारी मुक्त अमोनिया. पाण्याचा पीएच एकने वाढला की हा विषारी वाटा जवळपास दहापट होतो. गोड्या पाण्याच्या टाकीचा पीएच सातच्या आसपास असतो, समुद्री टाकीचा ८.१ ते ८.३. त्यामुळे चाचणीच्या नळीत रंग तेवढाच दिसला तरी धोका तेवढाच नसतो. गोड्या पाण्यात जो आकडा पाहून माणूस ‘उद्या पाणी बदलू’ म्हणतो, तोच आकडा समुद्री टाकीत रात्रीच हालचाल करायला लावणारा असतो.

फिल्टर नेमके काय करतो?

दुकानात विचारले तर उत्तर मिळते, ‘पाणी साफ करतो’. हे अर्धेच खरे आहे. पाणी आरशासारखे स्वच्छ दिसत असतानाही मासे अमोनियाने मरू शकतात.

फिल्टरची कामे तीन. स्पंज किंवा कापडी पिशवीत कचरा अडवणे हे यांत्रिक काम. सक्रिय कोळसा किंवा फॉस्फेट शोषणारे दाणे वापरून विरघळलेले पदार्थ काढणे हे रासायनिक काम. आणि तिसरे, ज्यावर माशांचा जीव अवलंबून असतो ते जैविक काम. सच्छिद्र खडक, सिरॅमिकच्या कड्या, वाळू यांच्यावर जिवाणूंचा पातळ थर बसतो. त्यातले काही अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइट समुद्री माशांना गोड्या पाण्यातल्या माशांइतके जाचत नाही, कारण खाऱ्या पाण्यातला क्लोराइड त्याला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. नायट्रेट त्याहून सौम्य. पण ते साचत राहते.

हे जिवाणू सावकाश वाढतात, आणि सगळी मेख इथेच आहे. अन्न नासवणाऱ्या साध्या जिवाणूंची संख्या अनुकूल स्थितीत वीस-तीस मिनिटांत दुप्पट होऊ शकते. अमोनिया पचवणाऱ्यांना त्यासाठी अनेक तास, पुष्कळदा एक दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. म्हणून नवी टाकी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. नवा फिल्टर म्हणजे नवी टाकीच, हे विसरले की घात होतो.

कॅनिस्टरची अडचण वेगळी आहे. तो कचरा अडवतो, पण टाकीबाहेर काढत नाही. अडकलेली विष्ठा आणि उरलेले खाद्य त्याच बंद डब्यात कुजते आणि त्याचा अर्क पुन्हा टाकीत येतो. दर आठवड्याला उघडून धुणारा मालक असेल तर कॅनिस्टरही उत्तम चालतो. पण नळ्या सोडवा, डबा न्हाणीघरात न्या, वॉशर नीट बसवा, हवा काढा; हा उद्योग तिसऱ्या महिन्यानंतर सहसा कोणी दर आठवड्याला करत नाही.

स्किमर म्हणजे काय? तो फक्त खाऱ्या पाण्यातच का चालतो?

पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राच्या काठी साचणारा पिवळट फेस कोकण किनाऱ्यावर सगळ्यांनी पाहिलेला असतो. प्रोटीन स्किमर तोच फेस एका नळकांड्यात तयार करतो.

प्रथिने, चरबी यांच्या अनेक रेणूंचे एक टोक पाण्याकडे ओढले जाते, दुसरे पाण्यापासून पळते. पाण्यात हवेचा बुडबुडा आला की हे रेणू त्याच्या पृष्ठभागाला चिकटतात. बुडबुडे जितके बारीक आणि जितका वेळ पाण्यात राहतील तितकी घाण जास्त उचलली जाते. खाऱ्या पाण्यात बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होत नाहीत, बारीकच राहतात. गोड्या पाण्यात ते पटकन एकत्र येऊन फुटतात. म्हणून घरगुती आकाराचा स्किमर गोड्या टाकीत निरुपयोगी ठरतो.

आजच्या स्किमरमध्ये पंपाच्या पंख्याला बारीक सुया असतात. पंप पाण्याबरोबर हवाही ओढतो, सुया तिचे बारीक तुकडे करतात, फेस वर चढतो आणि वरच्या वाटीत चहाच्या रंगाचे दुर्गंधीयुक्त पाणी जमते. ती वाटी ओतली की घाण खरोखर घराबाहेर जाते. स्किमर तयार झालेला अमोनिया किंवा नायट्रेट काढत नाही. ज्यापासून ते बनतात तो मालच आधी उचलतो. शिवाय दिवसरात्र हवा मिसळत असल्याने प्राणवायूची तूट भरून निघते, आणि माशांच्या दृष्टीने हा फायदा पहिल्याइतकाच मोठा आहे.

खोक्यावर ‘५०० लिटरपर्यंत’ असे लिहिलेले असते तेव्हा तो आकडा बहुधा कमी माशांच्या टाकीचा असतो. मासे भरपूर आणि खाणे सढळ असेल तर एक आकार मोठा घेणे शहाणपणाचे. फार मोठा मात्र नको. घाणच पुरेशी नसेल तर फेस वाटीपर्यंत चढत नाही आणि मालक रोज स्क्रू पिळत बसतो.

सम्पची गरज का भासते?

सम्प म्हणजे मुख्य टाकीखालच्या कपाटात ठेवलेली दुसरी टाकी. वरच्या टाकीतले पाणी ओव्हरफ्लोमधून गुरुत्वाकर्षणाने खाली येते, तिथल्या कप्प्यांतून फिरते आणि रिटर्न पंप ते पुन्हा वर ढकलतो. इमारतीच्या गच्चीवरची टाकी आणि तळघरातली टाकी यांचेच हे नाते, फक्त चोवीस तास चालणारे.

फायदे बरेच आहेत. एकूण पाणी वाढते, त्यामुळे चूक झाली तरी परिणाम संथ होतो. स्किमर, हीटर, कोळशाची पिशवी सगळे कपाटात लपते. आणि पाणी काठावरून ओघळत असल्याने वरच्या टाकीच्या पृष्ठभागावरचा तेलकट पापुद्रा आपोआप निघून जातो. हा पापुद्रा हवेची देवाणघेवाण अडवतो. वरच्या टाकीची पातळी कायम एकच राहते. बाष्पीभवनाने कमी होणारे पाणी फक्त सम्पच्या शेवटच्या कप्प्यात दिसते.

या छंदाचा इतिहास पाहिला तर माणूस यंत्राकडून खडकाकडे आणि परत यंत्राकडे असा फिरलेला दिसतो. जकार्तातील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर समुद्री टाकी चालते, असे मांडले होते. पुढे बर्लिनमधल्या हौशींनी त्या खडकाला जोरकस स्किमरची जोड दिली. ‘बर्लिन पद्धत’ या नावाने ती जगभर पसरली आणि आजचा घरगुती सम्प तिचाच वारस आहे.

आकार ठरवताना कोणते गणित चुकते?

समजा, वरची टाकी १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच आहे. तिच्या पृष्ठभागावरचे एक सेंटिमीटर पाणी म्हणजे ५.४ लिटर. वीज गेली की रिटर्न पंप थांबतो. ओव्हरफ्लोच्या काठावरचे पाणी खाली येते, इथवर ठीक. पण रिटर्नचे तोंड पाण्याखाली असेल तर तो पाइप उलटा सायफन बनतो आणि तोंड उघडे पडेपर्यंत टाकी रिकामी करत राहतो.

तोंड पाच सेंटिमीटर खोल असेल तर २७ लिटर पाणी खाली येईल. सम्प ७५ बाय ३५ सेंटिमीटरचा असेल तर त्यात पातळी साधारण दहा सेंटिमीटर चढेल. सम्पची उंची ४० आणि चालू पातळी २२ असेल तर सगळे मावते. तोंड दहा सेंटिमीटर खोल ठेवले असेल तर ५४ लिटर येतील, पातळी २० सेंटिमीटरहून अधिक चढेल आणि पाणी फरशीवर. पाच सेंटिमीटरचा फरक, बाकी सगळे तेच.

रिटर्नच्या पाइपला पाण्याच्या पातळीलगत लहानसे छिद्र पाडणे हा यावरचा स्वस्त उपाय. पातळी किंचित उतरली की छिद्रातून हवा शिरते आणि सायफन तुटतो. मात्र या छिद्रात शेवाळ, मीठ किंवा एखादी गोगलगाय अडकते. दर महिन्याला टाचणीने ते मोकळे करावे लागते. काही जण त्याऐवजी एकाच दिशेने पाणी जाऊ देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवतात. खाऱ्या पाण्यात त्याच्या झडपेवर क्षार बसतात आणि नेमक्या वेळी ती पूर्ण मिटत नाही. त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये.

उलट बाजूही तपासायला हवी. ओव्हरफ्लोचा पाइप तुंबला तर पंप शेवटच्या कप्प्यातले सगळे पाणी वर फेकेल. तो कप्पा २० बाय ३५ चा आणि पाणी २० सेंटिमीटर असेल तर ते १४ लिटर. वरच्या टाकीत पातळी अडीच सेंटिमीटरच्या थोडी वर चढेल. तेवढी मोकळी जागा वर नसेल तर पाणी पुढच्या काचेवरून येईल. म्हणूनच रिटर्नचा कप्पा मुद्दाम लहान ठेवतात, आणि म्हणूनच जाणकार एकाऐवजी दोन उतरते पाइप घालतात: एक रोजचा, दुसरा किंचित उंच आणि एरवी कोरडा.

सगळे जोडून झाले की त्याच दिवशी, घरात असताना, मुद्दाम मुख्य बटण बंद करून बघावे. पाणी जिथवर चढले तिथे मार्करने रेघ मारावी. सम्पमध्ये पाणी भरताना कधीही कुठवर भरायचे हे त्यावरून कायमचे ठरते. ही चाचणी दहा मिनिटांची आहे आणि तीच बहुतेक जण टाळतात.

वजनाचा विचार घर भाड्याचे असो वा स्वतःचे, करावाच लागतो. अशा टाकीचे पाणी, काच, खडक, सम्प आणि स्टँड मिळून भार सहज चारशे किलोच्या वर जातो, तोही अर्ध्या चौरस मीटरच्या आसपासच्या जागेवर. निवासी खोल्यांसाठी भारतीय मानकात जमिनीवरचा भार साधारण दोनशे किलो प्रति चौरस मीटर धरलेला असतो. तो संपूर्ण खोलीवर पसरलेला भार आहे, त्यामुळे चार फुटी टाकी ठेवताच स्लॅब कोसळेल असा त्याचा अर्थ नाही. पण टाकी खोलीच्या मधोमध नको, तुळईलगत किंवा भिंतीच्या कडेला हवी. जुनी इमारत असेल किंवा टाकी याहून मोठी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला विचारणे आवश्यक.

प्लंबरला काय सांगायचे?

ओळखीचा प्लंबर काम उत्तम करतो, पण त्याला टाकीत मासे आहेत हे लक्षात ठेवण्याची सवय नसते. सीपीव्हीसीच्या कामात तो आटे असलेल्या ठिकाणी पितळी फिटिंग सहज वापरतो. पितळात तांबे असते. खाऱ्या पाण्यात ते हळूहळू उतरते आणि कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ यांच्यासाठी अगदी कमी प्रमाणातही घातक ठरते. क्लिप, स्क्रू, स्प्रिंग, काहीही धातूचे पाण्याच्या वाटेत नको. पूर्ण प्लास्टिकची फिटिंग मागून घ्यावीत.

पंपाच्या दोन्ही अंगांना युनियन आणि बॉल व्हॉल्व्ह असावेत, नाहीतर पंप धुवायला काढताना पाइप कापावा लागतो. सांध्याला लावलेले सोल्युशन चोवीस तास वाळू द्यावे आणि पहिली फेरी साध्या पाण्याने करून ते फेकून द्यावे. काचेच्या सांध्यांना न्हाणीघरासाठीचा बुरशीरोधक सिलिकॉन कधीच वापरू नये. बुरशी मारणारे रसायन माशांनाही सोडत नाही. तयार टाकीला ओव्हरफ्लोसाठी भोक पाडायचे असेल तर ती काच टफन्ड नाही ना, हे आधी पाहावे. टफन्ड काचेला ड्रिल लागताच तिचा चुरा होतो, आणि अनेक तयार टाक्यांचा तळ टफन्ड असतो.

पंप निवडताना खोक्यावरचा ताशी लिटरचा आकडा शून्य उंचीचा असतो. सम्पपासून टाकीच्या काठापर्यंत चार-साडेचार फूट चढण आणि दोन-तीन कोपरे असले की प्रत्यक्ष प्रवाह बराच घटतो. पंपाच्या आलेखात त्या उंचीचा आकडा पाहावा. सम्पमधून ताशी टाकीच्या तीन ते पाच पट पाणी फिरले तरी पुरते. माशांना हवा असलेला जोरकस प्रवाह वरच्या टाकीत वेगळे वेव्हमेकर लावून द्यावा. चाळीस वॉटचा पंप चोवीस तास चालला तर महिन्याला सुमारे २९ युनिट वीज खातो, म्हणून गरजेपेक्षा मोठ्या पंपाचा दंड दर बिलात भरावा लागतो.

विजेबद्दल मात्र काटकसर नको. खारे पाणी विजेचे उत्तम वाहक आहे आणि मिठाचे पांढरे थर वायरीवरून चढत प्लगपर्यंत पोहोचतात. टाकीच्या जोडणीला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी आणि चांगले अर्थिंग हवेच. बोर्ड सम्पच्या वर नको, बाजूला आणि उंचावर असावा. प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबती ठेवून मग वर न्यावी, म्हणजे ओघळणारा थेंब प्लगमध्ये न जाता खाली पडतो. पाण्यात हात घालण्यापूर्वी बटण बंद करावे. घरात लहान मुले असतील तर कपाटाला कुलूप लावावे.

जुना फिल्टर कधी काढायचा?

लेखाच्या सुरुवातीला सांगितलेले मासे मेले ते इथे. उत्तर सरळ आहे: नवा फिल्टर सुरू झाल्यावर किमान महिनाभर जुना काढायचा नाही.

सम्प भरायला लागणारे पाणी आदल्या दिवशी तयार करावे. लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम समुद्री मीठ लागते. मीठ पाण्यात घालायचे. मिठावर पाणी ओतले तर कॅल्शियमचे क्षार खाली बसतात. रात्रभर पंपाने ढवळून क्षारता आणि तापमान टाकीशी जुळवावे. सापेक्ष घनता १.०२५ च्या आसपास हवी.

मग सम्प सुरू करावा आणि कॅनिस्टरही चालूच ठेवावा. स्किमरला त्याच्या माहितीपत्रकात दिलेल्या खोलीचेच पाणी लागते. सम्पमधला आडवा काचेचा अडसर त्याच मापाने बसवलेला असावा. पहिले काही दिवस स्किमर वेड्यासारखा वागतो. नव्या प्लास्टिकवरचे तेलकट अंश जाईपर्यंत कधी फेस येतच नाही, कधी वाटी भरून वाहते. दोन आठवड्यांपर्यंत हे चालू शकते. या काळात वाटीच्या नळीखाली बादली ठेवावी आणि रोज स्क्रू पिळण्याचा मोह आवरावा.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात कॅनिस्टरमधल्या सिरॅमिकच्या कड्या जाळीच्या पिशवीत भरून सम्पमध्ये पाण्याच्या वाटेवर ठेवाव्यात. त्या नळाखाली धुवायच्या नाहीत. महापालिकेच्या पाण्यातले क्लोरीन जिवाणू मारते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच त्या हलक्या हाताने खळबळाव्यात. त्यानंतर पिशवी एकदम न काढता आधी निम्म्या कड्या, दोन आठवड्यांनी उरलेल्या अशा काढाव्यात. प्रत्येक टप्प्यानंतर आठवडाभर अमोनिया आणि नायट्राइट रोज तपासावे आणि खाद्य निम्म्यावर आणावे. आकडा शून्यावरून हलला की थांबायचे.

याच काळात वाळू उपसण्याचे काम काढू नये. जुन्या वाळूच्या तळाशी प्राणवायूविना साचलेला हायड्रोजन सल्फाइड असतो आणि तो एकदम मोकळा झाला तर मासे काही तासांत जातात. नवे मासेही याच वेळी आणू नयेत. ‘आता मोठा फिल्टर आहे’ म्हणून त्याच आठवड्यात टँग विकत घेणे ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक.

जुन्या टाकीत नायट्रेट साचलेले असेल तर फिल्टर बदलूनही ते लगेच उतरत नाही. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलले तर ते निम्म्यावर यायला सात आठवडे लागतात, तेही नवे नायट्रेट अजिबात तयार होत नसेल तर. सम्पच्या एका कप्प्यात केटोमॉर्फा नावाचे तारेच्या गुंडाळीसारखे दिसणारे शेवाळ दिव्याखाली वाढवले तर ते नायट्रेट आणि फॉस्फेट खाऊन वाढते. दर काही आठवड्यांनी मूठभर उपटून फेकायचे.

वीज गेली तर?

शहरात अर्धा तास, गावाकडे किंवा पावसाळी वादळात सहा-आठ तास. सम्पच्या उघड्या पाण्याला हवा मिळत राहते, त्यामुळे तिथले जिवाणू तग धरतात. बंद कॅनिस्टरमधला प्राणवायू मात्र काही तासांत संपतो आणि आतला थर सडू लागतो. वीज आल्यावर ते पाणी आपोआप टाकीत फेकले जाते. वीज बराच वेळ गेली असेल तर कॅनिस्टरचा प्लग आधी काढावा, डबा रिकामा करून मगच चालू करावा.

घरात इन्व्हर्टर असेल तर रिटर्न पंप किंवा एक वेव्हमेकर त्यावर घ्यावा. हीटर आणि चिलर घेऊ नयेत. १२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात. निम्मेच हाती लागतील असे धरले तरी चाळीस वॉटचा एकटा पंप वीस तासांहून जास्त चालतो. घरातले पंखे त्याच बॅटरीवर असतात हे वेगळे. इन्व्हर्टर साइन वेव्ह असावा. स्क्वेअर वेव्हवर एसी पंप घरघरतात आणि तापतात. काहीच नसेल तर बॅटरीवरचा छोटा हवेचा पंप दोनेकशे लिटरच्या टाकीला रात्रभर वाचवू शकतो.

उन्हाळ्यात फिल्टरइतकेच तापमान जाचते. सम्पवर फुंकणारा साधा पंखा आश्चर्यकारक काम करतो. एक लिटर पाणी वाफ होऊन गेले तर २४० लिटरच्या टाकीतून सुमारे अडीच अंश तापवू शकणारी उष्णता घेऊन जाते. पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये हा उपाय छान चालतो, मुंबईच्या दमट जूनमध्ये फारसा नाही. तिथे चिलरला पर्याय नसतो. आणि वाफ फक्त पाण्याची होते, मीठ मागेच राहते. म्हणून रोजची भर कायम गोड्या, शुद्ध पाण्याने घालायची, खाऱ्या पाण्याने नव्हे.

स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी चालेल का?

नेहमी नाही. घरगुती आरओमध्ये चव यावी म्हणून बरेचदा टीडीएस कंट्रोलर असतो, तो थोडे कच्चे पाणी परत मिसळतो. मत्स्यटाकीसाठी तो बंद करून आणि शेवटी डीआय रेझिनची नळी जोडून टीडीएस शून्यावर आणलेले पाणी हवे. टँकरच्या किंवा बोअरवेलच्या पाण्यातले नायट्रेट, सिलिकेट थेट टाकीत गेले तर कितीही मोठा स्किमर शेवाळ थांबवू शकत नाही.

समुद्र जवळ आहे म्हणून तिथून कॅन भरून आणण्याचा विचार मुंबईकराच्या मनात येतोच. शहराच्या किनाऱ्यावरचे पाणी सांडपाण्याने दूषित असते आणि पावसाळ्यात खाड्यांच्या मुखाशी क्षारता बरीच घटते. मिठाची बादली महाग वाटली तरी तीच बरी.

‘लाइव्ह रॉक’ घेणे कायदेशीर आहे का?

फिल्टर वाढवायचा म्हटले की दुकानदार हमखास लाइव्ह रॉक सुचवतो. हा दगड बहुतेक वेळा मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा असतो, छिद्राछिद्रांत जिवाणू आणि सूक्ष्म जीव वस्तीला असलेला. जैविक फिल्टर म्हणून तो अप्रतिम आहे. पण कठीण सांगाड्याचे प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रघोडे, समुद्रकाकड्या हे सगळे वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. जिवंत नसलेला तुकडा बाळगणेही त्यात येते. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांचा कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. परदेशी माल म्हणून खपवलेल्या कठीण प्रवाळांनाही आंतरराष्ट्रीय ‘सायटिस’ कराराचे परवाने लागतात. ‘सगळेच विकतात’ हा बचाव न्यायालयात चालत नाही, आणि दगड कुठल्या प्रवाळभिंतीवरून फोडून आणला हे दुकानदारही सांगू शकत नाही.

माशांच्या बाबतीत पर्याय उपलब्ध होत आहेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या अनेक जातींचे बंदिस्त प्रजनन यशस्वी केले आहे आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही त्यावर काम झाले आहे. टाकीत जन्मलेला क्लाउनफिश समुद्रातून पकडलेल्यापेक्षा टाकीला लवकर सरावतो, दाणे खातो आणि फिल्टरवरचा ताणही कमी ठेवतो, कारण त्याला उपाशीपोटी गोठवलेल्या कोळंबीची लालूच दाखवावी लागत नाही.

दगडाला पर्याय सिरॅमिकच्या सच्छिद्र विटांचा आणि सिमेंट-वाळूपासून बनवलेल्या कृत्रिम खडकांचा आहे. सिमेंटचा खडक आधी काही आठवडे साध्या पाण्यात बुडवून, पाणी बदलत ठेवावा लागतो, नाहीतर तो पीएच वर नेतो. कोरड्या विटांवर जिवाणू बसायलाही सहा-आठ आठवडे जातात. त्यामुळे सम्प आणायचे ठरले असेल तर या विटा आजच विकत घेऊन चालू टाकीच्या मागच्या कोपऱ्यात टाकून ठेवाव्यात. प्लंबर येईपर्यंत त्यांवर वस्ती झालेली असेल.